टेम्पोवाल्या कोंडिबाची माफी

मार्केटात रिव्हर्स घेताना कोंडिबाचा टेम्पो शहजाद हमालाच्या पायावर गेला. कोंडिबा पडला साताऱ्याचा सरळ गडी, दुसऱ्याच दिवशी शहाळी घेऊन त्याच्या घरी पोचला. "चुकलं गड्या," म्हणाला.

पुढं शहजादनं भरपाईचा दावा लावला, आणि आता बेलापूरच्या कोर्टात टेम्पोच्या विमा कंपनीचा वकील ती माफीच धरून बसला. "यानं आम्हाला न विचारता चूक कबूल केली. कंपनी याची केस लढणार नाही."

कंपनी हटली तर भरपाई कोंडिबाच्याच खिशातून, म्हणजे टेम्पो विकायची पाळी!

जजसाहेबांनी विम्याचे कागद चाळले. "माणुसकीनं माफी मागितली म्हणून हात झटकता येणार नाहीत. केस तुम्हीच लढा."

कोंडिबा सुटल्यासारखा बाहेर आला. कुबडीवरचा शहजाद हसला, "चाचा, आता हाच कंपनीचा वकील तुमच्या बाजूनं मला खोटं पाडणार ना?"

कोंडिबानं खाली मान घालून त्याची पिशवी उचलली.