दाजींचा तपासनीस

आमच्या दाजींइतका चिकित्सक माणूस बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत दुसरा झाला नाही, आणि होईल अशी आशाही मी बाळगत नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. राहायला बारामतीत, नोकरीला इंदापूरकडच्या एका साखर कारखान्याच्या संगणक विभागात. एकच गोष्ट दोनदा केलेली त्यांना खपत नसे. लग्नपत्रिका हातात आली की तीत ‘आग्रहाचे निमंत्रण’ किती वेळा आलंय ते मोजून वरबापाला सांगत. ताईनं जिरं तीन डब्यांत ठेवलं तर म्हणत, "एक डबा हमखास शिळा होणार, आणि भाजीत नेमका तोच पडणार." ताई म्हणे, "मग सैपाक तुमीच करा." ते करतही. बरा करत.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. कुणाच्या उसाला तोड कधी, हे ठरवणारा कारखान्याचा प्रोग्राम अनेकांनी ठिगळं लावून वाढवलेला होता. त्याला हात लावायला सगळे घाबरत. दाजींनी मग दुसरे प्रोग्राम वाचणारा एक प्रोग्राम लिहिला. कुठला भाग फार लांबलाय, कुठं अटीच्या पोटात अट शिरलीय, कुठं त्याच ओळी पुन्हा उतरवल्यात, हे हुडकून तो यादी छापायचा: आधी हे नीट लिहा, मग ते. दाजी त्याला ‘तपासनीस’ म्हणत. मी तेव्हा कॉलेजात संगणक शिकत होतो. सांगितलेलं मुकाट करणारं यंत्र दुसऱ्याच्या लिखाणाला नावं ठेवतंय, हे पाहून मी थक्कच झालो.

त्याच हंगामात इंदापूरकडच्याच कळंब गावातल्या काही जणांचा ऊस पाळी उलटली तरी उभाच राहिला. आळ आला नोंदी करणाऱ्या म्हाताऱ्या कारकुनावर. त्यांना सगळे आबा म्हणत. आबांनी मुद्दाम नावं मागं सारली, असं लोक बोलू लागले आणि आबांना घरी बसवलं गेलं. दाजींनी तपासनीस चालवला. यादीत सर्वांत वर एक लांबलचक तुकडा आला. त्यातल्या त्याच ओळी सात ठिकाणी उतरवलेल्या होत्या. नियम बदलला तेव्हा सहा ठिकाणी दुरुस्ती झाली, सातवं राहून गेलं, आणि कळंबच्या नोंदी नेमक्या तिथूनच जात होत्या. तुकड्याच्या माथ्यावर लिहिणाऱ्याचं नाव होतं. ते दाजींचं होतं, नोकरीच्या पहिल्या वर्षातलं.

कागद दडवता आला असता. दाजींनी तो साहेबांच्या टेबलावर ठेवला, चार दिवस बसून सातांचं एक केलं, आणि मला स्कूटरवर मागं बसवून थेट कळंब गाठलं. आबा ओट्यावर बसले होते.

"आबा, चूक प्रोग्रामची हाय," दाजी म्हणाले. "आन तो मी लिव्हलाय."

दाजींनी पुढं केलेली यादीची प्रत आबांनी उलटसुलट करून पाहिली. "म्हंजी मी न्हाय चुकलो?"

"न्हाय. तुमच्या नोंदी सगळ्या बरोबर हायेत. साहेबांनी सोमवारपासनं बोलावलंय."

आबांनी कागदाची घडी घातली. "महिना झाला," ते म्हणाले, "कुठं चुकलो, त्येच हुडकतोय." मग त्यांनी आत चहा सांगितला, आणि दाजींनी मान खाली घालून तो प्यायला.

आता मी पुण्यात प्रोग्राम लिहितो. माझ्या चुका यंत्र मला रोज दाखवतं, मी त्या रोज दुरुस्त करतो. पण त्यासाठी कुणाच्या ओट्यावर जाऊन बसायचं धाडस मला अजून झालेलं नाही.