साडूभाऊंनी उडवलेली ओळ

बिनकामाची वस्तू डोळ्यांसमोर दिसली की ज्याचं डोकं दुखतं, असा माणूस अख्ख्या लातुरात एकच, आणि तो माझा धाकटा साडू. पंगतीत लोणचं वाढलं आणि खायचं नसलं, तर वाढप्याला थांबवून तो ते परत उचलायला लावी. आमच्याकडे आला की जुनी कॅलेंडरं उतरवी, बंद घड्याळाचा खिळासुद्धा उपटी. तो जन्मला त्या गावी घरांवर मातीचं माळवद असे. गळू नये म्हणून दरसाल नवा थर चढे, जुना कुणी काढत नसे. भूकंपात ते सगळं खाली आलं, त्यात त्याचा चुलता गेला. चाकूरच्या स्टँडवर चहा पिताना हे त्यानं मला हवापाण्याच्या सुरात सांगितलं. पुन्हा कधी नाही.

मी ज्या कोचिंग क्लासात जीवशास्त्र शिकवायचो, तिथलं सॉफ्टवेअर सांभाळायचं काम त्याच्याकडे होतं. प्रोग्रामच्या सुरुवातीला लोक एकेक ओळ लिहून तयार पॅकेजं, म्हणजे दुसऱ्यांनी आधीच लिहिलेले प्रोग्रामचे तुकडे, इम्पोर्ट करून म्हणजे मागवून ठेवतात आणि पुढं वापरतच नाहीत, याचा त्याला भयंकर संताप. शेवटी त्यानं एक तपासनीस प्रोग्रामच लिहिला. मागवलेल्या पॅकेजाचं नाव खाली कुठं येत नसेल, तर तो ते पकडून देई.

"चालवून बघायची गरजच न्हाई साडूभाऊ, नुसतं वाचून कळतंय!" असं म्हणत त्यानं सापडलेल्या सगळ्या ओळी उडवल्या.

दुसऱ्या दिवशी सराव परीक्षेचा निकाल होता. अहमदपूर, रेणापूरकडून आलेले पालक जिन्यात उभे होते, आणि छापलेल्या कागदांवर नावांच्या जागी नुसते चौकोन.

"लेकरांची नावं कुठं गेली हो?" संचालक ओरडले.

साडू घाम पुसत शोधत बसला. उडवलेल्यांपैकी एका पॅकेजाचं नाव पुढं खरंच कुठं येत नव्हतं. पण ते नुसतं आत आलं की मराठी अक्षरं आपोआप जागेवर बसत. त्यानं ती ओळ परत टाकली आणि नावं उमटली. अहमदपूरहून आलेली एक बाई लेकीच्या नावावरून बोट फिरवत कितीतरी वेळ उभी होती. साडू तिच्याकडे बघत राहिला. जेवायला काही आला नाही.

त्याचे वडील तेव्हा पुनर्वसनाच्या गावात एकटेच राहत. "लातूरला येऊन मी काय करू?" असं ते म्हणत, आणि साडूला ते पटत असे. त्या रविवारी तो गेला आणि त्यांना घेऊन आला.

पुढं एकदा त्याच्या घरी गेलो तेव्हा मी विचारलं, "करमतंय का त्यांना? करतात काय दिवसभर?"

"काय न्हाई," तो हळूच म्हणाला, "बसून राहिलेत." आणि त्यांच्या अंगावर ऊन यावं म्हणून त्यानं खिडकीचा पडदा बाजूला सारला.