जे मशीनला वाचताच येत नव्हतं

माझा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता, आणि नसायला चांगलं कारण होतं. एकोणिसाव्या वर्षी माझी नजर गेली. आम्ही राहायला पंचवटीत. तिथे एक गल्ली ओलांडेपर्यंत तीन माणसं उपाय सांगायची... कुणी अनुष्ठान, कुणी अंगारा, कुणी चाळीस दिवस गोदावरीचं पाणी डोळ्यांना लावायला. आईने सगळं केलं. काही झालं नाही. तेव्हापासून कुणी चमत्काराचा विषय काढला की मी उठून जायचे.

गोष्ट २००७ ची. कॉलेज रोडवरच्या एका शिक्षणसंस्थेच्या ऑफिसात मी टेलिफोन ऑपरेटर होते. बोर्डाशेजारी मला एक जुना कॉम्प्युटर दिला होता. त्यात स्क्रीन वाचून दाखवणारं महागडं सॉफ्टवेअर होतं... म्हणजे त्याची डेमो कॉपी. चाळीस मिनिटं झाली की ती बंद पडायची, मग मशीन पुन्हा सुरू करायचं. ती धड चालायची फक्त कॉम्प्युटरबरोबर आलेल्या ब्राउझरमध्ये. मेलही त्याच कंपनीचा. थोडक्यात, मी काय वाचायचं आणि किती वेळ वाचायचं, हे दुसराच कुणीतरी ठरवत होता.

सलीम माझा ऑपरेटरच्या ट्रेनिंगमधला मित्र, नाशिकरोडचा. त्यालाही दिसत नाही. एक दिवस फोनवर म्हणाला, "शुभा, किती दिवस चाळीस-चाळीस मिनिटं जगणार आहेस? मी येतो सीडी घेऊन."

आला आणि तासाभरात सगळं बदलून टाकलं. नवा स्क्रीन रीडर फुकट, न दिसणाऱ्या प्रोग्रामरनीच बनवलेला. ब्राउझरही नवा, जगभरच्या लोकांनी मिळून तयार केलेला. मेलचा पत्तासुद्धा दुसरा घेतला, एका छोट्या सर्व्हिसवर. त्या संध्याकाळी मी मशीन बंद न पडता सलग दोन तास वाचत बसले. किती वर्षांनी, ते सांगत नाही.

आमचे हेडक्लार्क देवरे भाऊसाहेब. त्यांना हे आवडलं नाही. "मॅडम, एवढ्या मोठ्या कंपनीचं सोडून हे फुकटचं कशाला? उद्या बंद पडलं तर कोण बघणार?"

"मी बघेन," मी म्हणाले.

एक अडचण मात्र होती. नव्या स्क्रीन रीडरला मराठी येत नव्हतं. आवाज इंग्रजी, पुरुषी, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. त्यात ऑफिसचं मराठी जुन्या फॉन्टमध्ये टाइप व्हायचं. म्हणजे पडद्यावर दिसायला मराठी, पण कॉम्प्युटरच्या लेखी ते इंग्रजी अक्षरांचं कडबोळं. मशीनवर तो फॉन्ट नसला तर डोळस माणसालाही कडबोळंच दिसणार. माझ्या मशीनवर तो नव्हता, कारण मला त्याचा उपयोग काय?

त्याच सुमारास ऑफिसात नवीन टेलिफोन एक्स्चेंज बसणार असं ठरलं, आणि ते न दिसणाऱ्या बाईला जमेल का, अशी कुजबुज सुरू झाली. एक दिवस सकाळी अकराच्या आसपास देवरे एक कागद घेऊन आले. "नव्या मशीनच्या ट्रेनिंगचं संमतीपत्र आहे. इथे बोट ठेवा, सही करा."

"वाचल्याशिवाय नाही करणार. मेल करा."

ते हसले. "तुमचं यंत्र मराठी कुठे वाचतं?"

"न वाचू दे. तुम्ही मेल करा."

केलाही त्यांनी, स्वतः टाइप केलेला मजकूर तसाच मेलमध्ये चिकटवून. माझ्या मशीनवर त्या मेलमधून कुणालाच काही कळणार नाही, हे त्यांना चांगलं माहीत असणार. आमची टायपिस्ट रंजना बाहेर गेली होती. ती आली की बघू, असा माझा विचार होता. पण तीस वर्षं दुसऱ्याच्या तोंडून वाचत आले होते... म्हटलं, आधी आपण तरी उघडून बघू.

रंजना आली तेव्हा मी मेल उघडतच होते. तिच्याशी बोलता यावं म्हणून हेडफोनची पिन काढली. आवाज स्पीकरवर आला. के, स्लॅश, डब्ल्यू असलं काहीतरी ऐकायच्या तयारीत मी बाणाची कळ दाबली.

"मी, खाली सही करणार, माझ्या प्रकृतीच्या कारणास्तव टेलिफोन ऑपरेटर या पदाचा राजीनामा सेच्छेने देत आहे."

मराठी. स्वच्छ, न अडखळता. रंजनाने हातातला कप टेबलावर ठेवला, तो मला ऐकू आला.

"रंजना, स्क्रीनवर काय दिसतंय?"

"काही नाही हो ताई... नुसता इंग्रजी कचरा."

मी पुन्हा कळ दाबली. आता तोच आवाज "के, एल, स्लॅश, कॉमा" म्हणत होता. दहा वेळा दाबली. तेच.

मेल मी रंजनाला पाठवला. तिने तिच्या मशीनवर मजकूर उचलला, त्याला ऑफिसचा फॉन्ट लावला आणि हळू आवाजात वाचायला लागली. शब्दाला शब्द तोच. 'स्वेच्छेने'मधला 'व' टाइप करताना राहिला होता, तोसुद्धा तसाच.

माझं डोकं तापलं. तिच्याकडून प्रिंट घेतली, घडी केली आणि भिंतीला हात लावत देवरेंच्या टेबलापाशी गेले.

"भाऊसाहेब, मी वाचलं. मी राजीनामा देत नाहीये."

त्यांनी विचारलं, "कोणी वाचून दाखवलं?"

"मशीनने."

"ते शक्य नाही."

"मला माहितेय शक्य नाही. पण पत्रात काय आहे ते मला पाठ झालंय. इथे म्हणून दाखवू, की साहेबांसमोर?"

पुढे 'चुकून दुसरा मजकूर गेला' असं झालं. ट्रेनिंगला मी गेले, नवं एक्स्चेंज शिकले आणि रिटायर होईपर्यंत त्याच खुर्चीत बसले. त्याच आठवड्यात 'व्हायरस आहे' म्हणून माझं मशीन फॉरमॅट करून त्यात जुना ब्राउझर परत टाकला गेला. मी दुपारच्या सुट्टीत सीडी घातली आणि पुन्हा नवा टाकला. रंजनाची आई म्हणाली होती, मशीनला लिंबू-मिरची बांध. मी नाही बांधली. ज्याने माझी नोकरी वाचवली त्याला मी का घालवू?

सलीमने तो मेल त्याच्या मशीनवर शंभर प्रकारे वाचून बघितला. ते सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना लिहिलं. उत्तर आलं की त्यात मराठी नाहीच, आणि असतं तरी तो मजकूर मराठी आहे हे त्याला कळणं शक्य नाही. सलीम म्हणाला, "शुभा, तुझ्याशिवाय दुसरं कुणी सांगितलं असतं तर मी फोन ठेवला असता."

मधे काही वर्षांनी रंजनाकडे सटाण्याला गेले होते. जेवताना तो विषय निघाला. ती सहज म्हणाली, "किती मायेने वाचत होती हो ती बाई."

मी घास खाली ठेवला. "कुठली बाई? नेहमीचाच तर आवाज होता, पत्र्याचा, पुरुषाचा."

"नाही ताई. बाई होती. वयस्कर."

आम्ही दोघी तासभर भांडलो. तिने तिच्या मुलांची शपथ घेतली. मी घेतली नाही, मी घेत नसते. पण मी जे ऐकलं ते ऐकलं. एका टेबलापाशी, एका स्पीकरमधून, दोघींनी एकच पत्र ऐकलं, आणि आवाज दोन. ह्याचं उत्तर माझ्याकडे नाही. ज्यांना थाप वाटते त्यांनी खुशाल थाप म्हणावं... माझ्या विश्वासाचं काय झालं, हे मलाच अजून कळलेलं नाही.