कार्बोरेटरमधलं कुंकू

देवीवर माझा राग होता आणि तो मी लपवलाही नव्हता. नवऱ्याच्या आजारपणात मी माहूरच्या रेणुकामातेला नवस बोलले होते, की हे बरे झाले तर यांच्या लाडक्या गाडीतून तुझ्या दर्शनाला येऊ. हे बरे झाले नाहीत. मी देव्हाऱ्यात दिवा लावणं सोडलं. पण जाण्याआधी यांनी माझा हात धरून सांगितलं होतं, "मी नसलो तरी गाडी माहूरला ने. टेम्पोत घालून न्हाई, चालवत ने." त्या शब्दासाठी मी निघाले, देवीसाठी नाही.

गाडी म्हणजे हैदराबादच्या एका जुन्या बंगल्यातून आणलेली, दोनच माणसांची, उघड्या टपाची स्पोर्ट्स कार. तिला इंजिनला हवा-पेट्रोल पाजणारे दोन कार्बोरेटर. वर पितळी टोपणाचे घुमट, म्हणून हे त्यांना कळस म्हणायचे. दोघांनी सारखा श्वास घेतला पाहिजे, नाहीतर गाडी रुसते. रबरी नळीचं एक टोक कार्बोरेटरच्या तोंडाशी आणि दुसरं कानाशी धरून हे हवेची सरसर ऐकायचे, मी स्क्रू फिरवायची. लातूरच्या डाळमिलमध्ये नोकरी करून यांचे कान गेले, तेव्हा ऐकायचं काम माझ्याकडे आलं. हे गेल्यावर दिरांनी यांच्या कपड्यांबरोबर ती नळीही टाकून दिली.

खंडेनवमीला जाऊबाईंनी गाडीची पूजा केली. साफसफाईसाठी मी एअर फिल्टर काढून ठेवले होते. त्यांनी पान्ह्यांना, चाकांना, दोन्ही कळसांना मनसोक्त हळदकुंकू वाहिलं, कार्बोरेटरच्या उघड्या तोंडांतही सोडलं. मग ताट घेऊन मला वळसा घालून घरात गेल्या. लोखंडाला कुंकू चालतं, विधवेला चालत नाही. मी आत न बघताच फिल्टर बसवून टाकले.

दसऱ्याला निघालो. एकटी बाई नको म्हणून शेजारी जाऊबाई. लोह्याच्या पुढे गाडीनं ओढ सोडली. बंद पडेना आणि चढही चढेना. कडेला घेऊन मी प्लग पाहिले, वायरी पाहिल्या. कुठला कार्बोरेटर अडलाय ते ट्रकांच्या आवाजात कळेना.

"देवीला तुझं येणं मंजूर न्हाई दिसत," जाऊबाई म्हणाल्या. "चल माघारी."

मला तिथंच रडू फुटलं. माझ्याकडे यांचा एवढा एकच शब्द उरला होता. एवढंही तुला बघवत नाही का, असं मी देवीला मनात विचारलं. विचारलं कसलं, भांडलेच.

तेवढ्यात एक स्कूटी थांबली. तिच्यावर निळं अशोकचक्र. पांढऱ्या साडीतली मुलगी उतरली, जवळच्या आरोग्य केंद्रात नर्स होती. "मावशी, कोण आजारी हाय?"

"गाडी," मी म्हणाले. तिच्या पिशवीतून स्टेथोस्कोप डोकावत होता. मी तो मागितला आणि काही न विचारता तिनं दिला. याआधी मी स्टेथोस्कोप यांच्या छातीवर पाहिला होता. डॉक्टरांनी तो उचलला आणि मान हलवली होती. तोच मी आता कानात घातला. फिल्टर काढून इंजिन चालू केलं, स्टेथोस्कोपची चकती काढून नळी पुढच्या कार्बोरेटरच्या तोंडाशी धरली, तर सरसर ऐकू आली. मागचा मुका होता.

इंजिन बंद करून मागचा घुमट उघडला. हवेच्या ओढीनं वरखाली व्हायचा तो पिस्टन हळदकुंकवाच्या चिखलात घट्ट बसला होता. जाऊबाईंनी पदर तोंडाला लावला. मी पेट्रोलनं सगळं पुसलं, पिस्टन बसवला, उचलून सोडला. ठक्कन खाली पडला. गाडी सुरू केली आणि दोन्ही कळस सारखे श्वास घेऊ लागले.

मी कपाळाचा घाम पुसला, तशी नर्स म्हणाली, "मावशी, कपाळाला कुंकू लागलं की." जाऊबाई पदर घेऊन पुसायला धावल्या. "राहू द्या की वो," ती म्हणाली. "आमी देवीबिवी मानत न्हाई, पण लई छान दिसून राहिलं." मी जाऊबाईंचा हात बाजूला केला.

माहूरला त्याच पेट्रोलच्या वासाच्या कपाळानं मी देवीसमोर उभी राहिले. भांडायचं ठरवून ठेवलेलं एकही वाक्य आठवलं नाही. माझा माणूस तिनं नेला, ते मी विसरलेले नाही, विसरणारही नाही. पण त्या रस्त्यावर कुणीतरी माझ्यासाठी थांबलं होतं. "आता काही मागत नाही, तुला द्यायचं ते दे," एवढंच म्हणून मी हात जोडले.

परतताना लातूर जवळ आलं, तशा जाऊबाई हळूच म्हणाल्या, "आता तरी पूस बाई. लोक बघतील."

"बघू द्या," मी म्हणाले आणि गाडी भर बाजारातून घेतली.