बंदरातला ट्यूना

आमच्या प्रयोगशाळेत दर सुट्टीत कॉलेजची मुलं काम शिकायला येतात. या वेळी आलेल्या मुलीचं नाव मी दुसऱ्याच दिवशी 'प्रश्नपत्रिका' ठेवलं. हे यंत्र कशाला फिरतं, इथपासून मी चहात साखर का घेत नाही, इथपर्यंत तिला सगळं हवं. मी इथली तंत्रज्ञ. उत्तरं देऊन देऊन माझा घसा बसला. पण ती नसली की सकाळ अळणी वाटायची, हेही खरं.

तिचं काम बंदरातल्या पाण्याचं. मासा पोहून गेला तरी त्याच्या अंगाचे बारीक कण पाण्यात राहतात. त्यांतल्या डीएनएवरून मासा ओळखायचा, तोही न बघता! इतकी वर्षं झाली, मला अजूनही याची गंमत वाटते.

एके दिवशी निकालात चक्क ट्यूना निघाला. खोल समुद्रातला मासा आमच्या उथळ, तेलकट बंदरात? प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम खुर्चीतून उठल्याच. "हे खरं असेल तर जहाजावर तू माझ्यासोबत येतेस," म्हणाल्या. खोल समुद्रात संशोधनाला निघणाऱ्या त्या जहाजावर विद्यार्थ्यासाठी जागा एकच. पोरीचे पाय जमिनीवर ठरेनात.

पण स्वस्थ बसेल ती प्रश्नपत्रिका कसली! "ताई, हा ट्यूना बाहेरून तर मिसळला नसेल? इथलं सगळं आपण तपासलं. पण बाटल्या आणि हातमोजे मी ज्या बॅगेतून नेते, ती?"

तिने शुद्ध पाण्याची बाटली त्या बॅगेतून बंदरावर नेली, तिथे नुसती उघडली, बंद केली आणि परत आणली. त्या पाण्यातही ट्यूना!

"घरी बॅग कुठे असते गं?" मी विचारलं.

तिने बॅग उघडून आत पाहिलं. मग हळूच म्हणाली, "आत्याचं मांजर जेवून झालं की या बॅगेतच झोपतं. त्याला डब्यातला ट्यूना लागतो."

मला हसू आवरेना. ती मात्र हसली नाही. "आज घरी जा, उद्या बघू," मी म्हटलं. तिने जहाजावर जावं असं मला मनापासून वाटत होतं, म्हणून. ती सरळ मॅडमच्या खोलीत गेली.

"हे तपासायला कुणी सांगितलं होतं?" मॅडमनी विचारलं.

"कुणी नाही."

मॅडमनी ट्यूनाच्या निकालावर काट मारली. जहाजावर दुसरा विद्यार्थी गेला. ही नव्या डब्यातून बाटल्या नेऊन पुन्हा पहिल्यापासून कामाला लागली. डोळ्यांतून टिपूस नाही.

सुट्टी संपता संपता जहाज परतलं. मॅडमनी खोल समुद्रातल्या नमुन्यांची पेटी स्वतः उचलून आणली आणि तिच्या टेबलावर ठेवली.

"हे तूच तपास. दुसऱ्या कुणाला हात लावू देऊ नकोस."

पोरगी तेव्हा रडली.