सरांचे मार्क वाढले

गणिताचं उत्तर आलं की सर खडू खाली ठेवायचे नाहीत. वळायचे, चष्म्यावरून शेवटच्या बाकापर्यंत बघायचे आणि एखादा पडलेला चेहरा हेरून म्हणायचे, "नाय कळलं ना? चला, दुसऱ्या वाटेने जाऊ." मग तेच गणित पहिल्यापासून. आधी समीकरणाने, मग आकृती काढून, मग मासळीच्या टोपल्यांचं उदाहरण घेऊन. पुढच्या बाकावरची हुशार मुलं घड्याळाकडे बघून सुस्कारे टाकायची. सरांना त्याचं काही नसायचं.

तुम्हीही असा एखादा मास्तर पाहिला असेल. आमचा पनवेलला होता, स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर, एका झेरॉक्सवाल्याच्या वरच्या मजल्यावर. एमबीएच्या प्रवेश परीक्षेची तयारी करून घेणारा क्लास होता तो. सर गणित शिकवायचे, मी इंग्रजी. परीक्षा तेव्हा कागदावरच व्हायची, मुलं पेन्सिलीने गोल काळे करायची. सकाळची बॅच, दुपारचे रिकामे तास, संध्याकाळची बॅच, पुन्हा रिक्षासाठी रांग. बोलून बोलून माझा घसा बसायचा आणि आयुष्याचा वीट यायचा. सरही दमायचेच. डोळ्यांखाली काळं, शर्टावर खडूची भुकटी. पण फळ्यापुढे उभे राहिले की कुठून तरी बळ यायचं, देव जाणे.

सर उरणजवळच्या मोऱ्याच्या कोळीवाड्यातले. इंजिनीअर झाले, नोकरीत रमले नाहीत आणि क्लासला आले ते "फक्त वर्षभरासाठी". तेवढ्यात स्वतः परीक्षा द्यायची, चांगल्या सरकारी कॉलेजात नंबर लावायचा आणि निघायचं, असा बेत. त्या वर्षभराची बरीच वर्षं झाली होती. दरवर्षी सर आपल्याच मुलांबरोबर परीक्षेला बसायचे. मुलांचे नंबर लागायचे, सर होते तिथेच. निकालानंतर मुलं पेढे आणायची आणि सर ते मनापासून खायचे; खोटं हसून पेढा खाणारा माणूस मला लगेच ओळखू येतो. घरी मात्र आई विचारायची, "सगल्यांच्या पोरांना लावतस, तुजा नंबर कदी लागनार?" सर हे मला हसत सांगायचे. एकदा जिन्यात सांगताना हसायचं विसरले. म्हणाले, "मॅडम, तिशी कधीच उलटली. यंदा नाय झालं तर मग मी या फळ्यापुढेच म्हातारा होणार."

"यंदा मी बघते," मी म्हटलं. दुसऱ्याच्या कामात नाक खुपसल्याशिवाय मला चैन पडत नाही.

पहिली पंचाईत अशी की क्लासचे सगळे सराव-पेपर सरच काढायचे. आपणच काढलेल्या पेपरात कुणाला कमी पडतात? म्हणून मी माझ्या भाचीकडून दुसऱ्या क्लासचे पेपर आणवले. दुपारी वर्ग रिकामा झाला की सरांना बाकावर बसवायचं आणि घड्याळ घेऊन समोर बसायचं. पहिल्याच दिवशी वेळ संपली तेव्हा अर्धा पेपर कोरा. जे सोडवलं होतं ते एकूण एक बरोबर.

मी त्यांचा कच्च्या कामाचा कागद ओढून घेतला. माझा विश्वास बसेना. प्रत्येक गणित पायरी पायरीने, सुवाच्य अक्षरात. "समजा", "म्हणून", "यावरून". उत्तराला चौकट. आणि काही गणितं तर दोन-दोन पद्धतींनी.

"सर, हे कुणासाठी लिहिलंत?"

सर ओशाळले. "मॅडम, हात थांबत नाय. गणित वाचलं की पहिलं डोक्यात येतं, हे पोरांना सांगायचं कसं. मग शेवटच्या बाकावरचं कोण तरी दिसायला लागतं. त्याला कळल्याशिवाय पुढे सरकवत नाय."

मग मागच्या परीक्षेचं खरं कारणही बाहेर आलं. भूमितीचं एक गणित समजावण्याची फार सुंदर युक्ती त्यांना भर परीक्षेत सुचली. तिच्या नादात पुढचा सगळा भाग राहिला. बाहेर येऊन त्यांनी वडापावच्या गाडीशी उभ्या असलेल्या अनोळखी मुलांना ती युक्ती समजावून सांगितली. "पोरं खूश झाली," सर म्हणाले. मी कपाळावर हात मारून घेतला.

आता औषध सरळ होतं, पण कडू. मी नियम घातले. "समजा" लिहायचं नाही. "म्हणून" लिहायचं नाही. उत्तर सापडलं की मान वर करायची नाही, पुढचं गणित घ्यायचं. सर शाळकरी पोरासारखे हिरमुसायचे. मी म्हणायची, "इथे कुणी बसलेलं नाही सर. बाक रिकामे आहेत, बघा." पंखा बंद असायचा, घामाने कागद हाताला चिकटायचा, आम्ही दोघंही पेंगत असायचो. तरी सर रोज बसायचे. हळूहळू मार्क हलले. मग चढले. पावसाळा सरता सरता सरांची पेन्सिल कच्च्या कागदाला लागेनाशी झाली. पर्यायांवर नुसती नजर टाकायचे आणि गोल काळा.

त्याच सुमाराला उरणकडून येणारी एक मुलगी, शेवटच्या बाकावर बसणारी, मला म्हणाली, "मॅडम, सर हल्ली पळतात. उत्तर सांगतात की लगेच पुढचं गणित." क्लासच्या मालकांच्याही कानावर तेच गेलं. मी सगळ्यांना सांगितलं, परीक्षा होऊ दे, सर पूर्वीसारखे होतील. मला तसंच वाटत होतं. आणि मी केलं ते चुकलं असं मला आजही वाटत नाही. एका माणसाने जन्मभर दुसऱ्यांचे पेढे का खावेत?

सरांचा नंबर लागला. मुलाखत पार पडली, सरकारी कॉलेज मिळालं, तेही नावाजलेलं. त्या दिवशी सर पेढे घेऊन आले आणि जिन्यातच मला पहिला पेढा दिला. मी रडले, काय लपवायचं.

निघाले ते उन्हाळ्यात. पुढची रेल्वे पुण्याहून होती, म्हणून पनवेलच्या एसटी स्टँडवर त्यांना सोडायला आम्ही जमलो. त्यांची आई मोऱ्याहून आली होती. डब्यात सुकवलेले सोडे, दुसऱ्या डब्यात सोडे, पिशवीत आणखी सोडे. "तिकडं काय भेटतंय, नाय भेटत," म्हणत होती आणि येणाऱ्याजाणाऱ्याला लेकाचा नंबर लागल्याचं सांगत होती. सर संकोचून हसत होते. इतके हलके मी त्यांना कधी पाहिले नव्हते.

पुण्याची गाडी सुटायला आली तेवढ्यात ती शेवटच्या बाकावरची मुलगी धापा टाकत आली. तिची परीक्षा यंदा होती. हातात सराव-पेपर, एका गणिताभोवती पेनाने गोल. "सर, एवढं एकच."

सर पायरीवर चढले होते. त्यांनी पेपर घेतला, एकदा पाहिलं आणि म्हणाले, "तिसरा पर्याय."

"पण कसं, सर?"

सर परत पेपरकडे बघायला लागले. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. ते शोधत होते, अगदी जीव लावून शोधत होते. हात हवेत रेघ काढायला वर गेला आणि तसाच राहिला. मागून कंडक्टर ओरडला. "अगं, दिसतंय ना ते," सर म्हणाले. आवाजात राग नव्हता. घाबरले होते. पेपर तिच्या हातात परत देताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं. कंडक्टरने बेल मारली.

गाडी गेल्यावर मी पेपरची मागची पानं उलटून उत्तर पाहिलं. तिसराच पर्याय होता. मुलगी माझ्याकडे बघत उभी राहिली. मी इंग्रजीची बाई, मला कुठलं येतंय. तरी तिला घेऊन बाकावर बसले आणि आम्ही दोघी ते गणित पहिल्या ओळीपासून वाचायला लागलो. थोड्या वेळाने उरणची गाडी लागली. सरांची आई चढली, शेजारी मुलीसाठी जागा धरून खिडकीतून हाका मारायला लागली. मुलगी काही उठेना.