तो तुमचा कोण?

चोपड्याहून निघतानाच अक्काने बजावलं, "जर्मनीले येसू, पन त्याले जवाई म्हननार नही."

अक्का माझी मोठी बहीण. तिच्या वैशालीने तिकडेच लुकास नावाच्या मुलाशी लग्न केलं, तेव्हापासून अक्का त्याला 'तो लांबडा' म्हणायची. आता नात झाली म्हणून तिला देखाले (पाहायला) निघालो होतो. देवपूरला कॉलेजात मी इंग्रजी शिकवायचो, त्यामुळे दुभाषा मीच.

मुंबईत व्हिसासाठी परतीचं तिकीट, प्रवासविमा, लुकासचं निमंत्रण असं सगळं दिलं. तरी खिडकीतल्या मुलीने विचारलंच, "मावशी, नव्वद दिवसांच्या आत परत येणार ना?"

"नही ते काय! मनी केळीसले पानी कोन दी?" (माझ्या केळींना पाणी कोण देईल?)

व्हिसा मिळाला.

फ्रँकफर्टला काचेमागच्या अधिकाऱ्याने किती दिवस राहणार एवढंच विचारलं. मी सांगितलं. अक्का घाबरून माझी बाही ओढत होती. "काय इचारस तो?"

मला राहवलं नाही. "विचारतोय, ज्याने बोलावलं तो तुझा कोण?"

"तू सांग ना, भाऊ."

"माझं चालत नाही. तुझ्या तोंडून हवंय. नाहीतर परतीचं विमान."

अक्काने मागची रांग पाहिली, मग पुढचं दार पाहिलं. दारापलीकडे तिची नात होती. तिने पदर सावरला आणि काच थरथरेल अशा आवाजात म्हणाली, "जवाई! मना जवाई शे तो!"

अधिकारी दचकला. "काय म्हणाल्या?"

"तुमचा देश आवडला म्हणाल्या," मी म्हणालो. हसून त्याने आम्हाला आत सोडलं.

बाहेर वैशालीशेजारी लुकास बाळाला छातीशी बांधून उभा होता. वारा बोचरा होता. एकदा तोंडातून सुटलेला शब्द अक्काला आता आवरेना. "ओ जवाई, पोरले थंडी लागी ऱ्हायनी!" म्हणत तिने आपली शाल त्या दोघांभोवती गुंडाळली. वैशाली नुसती रडत होती.

मग काय! लुकासने बोटं भाजून घेत वरण-बट्टी खाल्ली. ऱ्हाईन नदीकाठी द्राक्षांचे मळे दिसले, तेव्हा अक्का त्याला हातवारे करून ठिबक सिंचन समजावत होती, आणि तो मान डोलवत होता.

परतताना मुंबईत अधिकाऱ्याने काहीच न विचारता अक्काचा पासपोर्ट परत दिला. ती हलेना.

"काही इचारनं नही का?"

"आजी, आपलाच देश. काय विचारायचं?"

"जर्मनीमा मना जवाई शे," तिने स्वतःहून सांगितलं, तेव्हा कुठे पुढे सरकली.

परक्या दारात आपलं माणूस कोण ते सांगावं लागतं. अक्काला तर ते आता घरीही सांगितल्याशिवाय चैन पडत नाही. त्या अधिकाऱ्याने खरं काय विचारलं होतं, ते मात्र चोपड्याच्या वाचकांनी कृपा करून तिच्या कानावर घालू नये.